मुखवटा, मनीऑर्डर आणि थकलेली मजुरी : आफ्रिकी चित्रपटातील स्थलांतराचा हिशेब

उस्मान सेम्बेन या सेनेगाली दिग्दर्शकाचा 'ला न्वार द...' (१९६६) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातला मुखवटाच तेवढा लक्षात राहिला होता. डाकारहून फ्रान्सला मोलकरीण म्हणून नेलेली दिउआना तिथल्या फ्लॅटच्या न्हाणीघरात आत्महत्या करते. तिचा फ्रेंच मालक तिचे सामान पोचवायला डाकारला येतो. तिने एकेकाळी या कुटुंबाला भेट दिलेला लाकडी मुखवटा चेहऱ्यावर चढवून एक लहान मुलगा त्या मालकाच्या मागे मागे वस्तीबाहेरपर्यंत जातो. हा शेवट इतका परिणामकारक आहे की त्याच्या जरा आधी काय घडते याकडे माझे दुर्लक्ष झाले. काही वर्षांनी चित्रपट पुन्हा पाहताना ते दिसले. मालकाने पेटीबरोबर दिउआनाचा पगारही आणलेला असतो. तो नोटा तिच्या आईपुढे धरतो. आई त्या घेत नाही.

मुखवटा हे प्रतीक आहे आणि प्रतीके शोधायची आपल्या समीक्षेला सवय आहे. नोटा मात्र नोटाच असतात, म्हणून त्या नजरेतून सुटतात. पण एकदा त्या दिसल्यावर मला पश्चिम आफ्रिकेतले, विशेषतः सेनेगलचे, स्थलांतरावरचे चित्रपट वेगळे दिसू लागले. कुणाचा तरी पगार थकलेला आहे, कुणाची मनीऑर्डर अडकलेली आहे, कुणाला हजाराच्या जागी पाचशे घ्यायला सांगितले जात आहे, असे प्रसंग त्यांत पुन्हा पुन्हा येतात. स्थलांतरितांविषयीचे बरेचसे युरोपीय चित्रपट प्रेक्षकाकडे करुणा मागतात. बुडणारी होडी, काठावर थरथरणारे अंग, त्यावर टाकलेले ब्लँकेट. हे आफ्रिकी चित्रपट करुणा मागत नाहीत. ते हिशेब मागतात. वसाहतवाद त्यांच्या लेखी इतिहासातला एक दुःखद अध्याय नसून एक न मिटलेले खाते आहे, आणि स्थलांतर ही त्या खात्यातलीच एक नोंद आहे. हे म्हणणे कुठवर टिकते आणि कुठे अडते, ते या लेखात तपासायचे आहे.

१

सुरुवात कॅमेऱ्याच्या मालकीपासून करावी लागते. फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये चित्रीकरण करायचे तर प्रशासनाची परवानगी सक्तीची करणारा हुकूम १९३४ साली निघाला. त्या वेळचे वसाहतमंत्री पिएर लाव्हाल यांच्या नावाने तो ओळखला जातो. पटकथा आणि चित्रीकरण करणारी माणसे, दोन्ही तपासण्याचा अधिकार त्यामुळे प्रशासनाकडे आला. पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकलेले पोलँ सुमानू व्हिएरा आणि त्यांच्या मित्रांना १९५५ मध्ये आफ्रिकेवर लघुपट करायचा होता. आफ्रिकेत चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी तरुणांवर 'आफ्रिक स्युर सेन' हा लघुपट केला. म्हणजे फ्रेंच अमलाखालच्या काळ्या आफ्रिकेतील चित्रपटाची सुरुवातच मुळी स्थलांतरापासून झाली, आणि तीही नाइलाजाने. आपल्याच घरात कॅमेरा लावायला बंदी होती, म्हणून परक्याच्या शहरात तो लावला गेला.

सेम्बेन या वाटेने आले नाहीत. १९२३ मध्ये दक्षिण सेनेगलमधल्या झिगिंशोर इथे एका कोळ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते. युद्धानंतर त्यांनी मार्सेयच्या गोदीत हमाली केली, कामगार संघटनेत काम केले आणि १९५६ मध्ये गोदी कामगाराच्या आयुष्यावरच पहिली कादंबरी लिहिली. ज्यांच्याविषयी आपण फ्रेंचमध्ये लिहितो त्यांना ती वाचता येत नाही, हे जाणवल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकले. जहाजात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला मजुरी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्यांच्या चित्रपटांतला हिशेब पुस्तकी नाही, याचे मूळ इथे असावे.

'ला न्वार द...' जेमतेम तासाभराचा आहे. फ्रान्समध्ये आत्महत्या केलेल्या एका सेनेगाली मोलकरणीच्या बातमीवरून सेम्बेन यांनी आधी कथा लिहिली आणि मग तिच्यावर हा चित्रपट केला. सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला, म्हणजे चित्रपटाच्या वेळी स्वातंत्र्य सहा वर्षांचे होते. डाकारमध्ये कामाच्या शोधातल्या बायका रस्त्याच्या कडेला बसून असतात. फ्रेंच बाई येते तेव्हा सगळ्या तिच्याभोवती गर्दी करतात, दिउआना तेवढी मागे राहते. म्हणून तिचीच निवड होते. डाकारमध्ये मुले सांभाळण्याचे काम आहे. अँतिबला पोचल्यावर मात्र स्वयंपाक, धुणे, फरशी सगळे तिच्यावर पडते. फ्रान्स म्हणजे तिच्यासाठी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि निजायची खोली एवढाच. ती उंच टाचांचे बूट घालून काम करते तर मालकीण ते काढायला लावते. पाहुणे तिच्या हातचा भात खाऊन तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलतात.

आईचे पत्र येते. आईला लिहिता येत नाही, ते दुसऱ्याने लिहून दिलेले आहे. दिउआनाला वाचता येत नाही, ते मालक वाचून दाखवतो. आई विचारते, पैसे का पाठवले नाहीस? मालक उदारपणे उत्तर लिहायला बसतो, तिच्या वतीने, तिच्या नावाने. दिउआना पत्र फाडून टाकते. तिचा पगार आजवर दिलेला नाही हे तिला माहीत आहे, मालकालाही माहीत आहे, आणि तोच आता तिच्या आईला तिची खुशाली कळवणार आहे. पुढे मालक पगार देऊ करतो तेव्हा ती नाकारते आणि मुखवटा परत घेते. चित्रपटाचे सगळे गणित या अदलाबदलीत आहे. डाकारमधल्या त्यांच्या घरात पुष्कळ आफ्रिकी वस्तू होत्या, तिथे हा मुखवटा त्यांच्यातला एक होता. अँतिबच्या पांढऱ्या भिंतीवर तो एकटा आहे. दिलेली भेट परत घेणे म्हणजे व्यवहार मोडणे. आपल्याकडेही मानी माणूस भांडण विकोपाला गेले की आधी दिलेली वस्तू परत मागतो आणि मग घेणे असलेल्या पैशांवर पाणी सोडतो. त्यात तोटा त्याचाच असतो, पण संबंध तोडण्याचा हक्कही त्याच्याच हाती येतो.

या चित्रपटावरचा एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. दिउआनाची भूमिका म्बिसिन तेरेझ दिऑप यांनी केली, पण तिच्या मनातले निवेदन आपण ऐकतो ते हैतीच्या अभिनेत्री तोतो बिसांथ यांच्या आवाजात, आणि अस्खलित फ्रेंचमध्ये. जिला बोलू दिले जात नाही तिची गोष्ट सांगताना चित्रपटानेच तिला उसना आवाज दिला. निर्मितीच्या अडचणी समजून घेतल्या तरी ही खोट राहतेच. पुढच्याच चित्रपटात सेम्बेन यांनी फ्रेंच बाजूला ठेवून वोलोफ भाषा घेतली, यावरून ती त्यांनाही टोचली असावी.

२

तो पुढचा चित्रपट 'मांदाबी' (१९६८). मांदाबी म्हणजे मनीऑर्डर. आफ्रिकी भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा अब्दू डाकारमधल्या आपल्या मामाला, इब्राहिमा दिएंगला, पंचवीस हजार फ्रँक पाठवतो. त्यांतले वीस हजार अब्दूसाठी जपून ठेवायचे, तीन हजार त्याच्या आईला द्यायचे, उरलेले दोन हजार मामाचे. म्हणजे इब्राहिमाचा वाटा बाराव्या हिश्शाहून कमी. पण मनीऑर्डर आल्याचे वस्तीत कळते आणि वाण्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे पंचवीस हजार त्याचेच धरून चालतात. पैसे सोडवायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्मदाखला हवा, जन्मदाखल्याला जन्मतारीख हवी. इब्राहिमाचे कागदोपत्री अस्तित्वच नाही. शेवटी एक शिकलेला, सुटाबुटातला नातेवाईक त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेतो आणि पैसे गिळतो.

कोकणातल्या वाचकाला हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातली घरे कित्येक दशके चालली. पोस्टमनची वाट पाहणारी म्हातारी, पैसे येण्याआधीच वाण्याकडे वाढलेली उधारी आणि अंगठ्याला साक्षीदार शोधण्याची धांदल हे सगळे आपल्या साहित्यात आणि आठवणींत आहे. फरक असा की आपल्या आठवणीत त्या मनीऑर्डरभोवती बहुधा मायेची ऊब असते. सेम्बेन यांनी तिच्यातला व्यवहार दाखवला. पॅरिसच्या रस्त्यावरची मजुरी डाकारला पोचेपर्यंत तिच्यावर किती हात पडतात ते मोजले. त्यांतला शेवटचा हात गोरा नाही. वसाहतीच्या कचेरीत नवा साहेब बसला आहे आणि फ्रेंच बोलणे हीच त्याची मिळकत आहे. हिशेब मागायचा तर तो फक्त पॅरिसकडे मागून भागणार नाही, हे 'मांदाबी' १९६८ मध्येच सांगून मोकळा होतो.

३

हिशेबाची सर्वांत उघड आणि सर्वांत रक्तरंजित गोष्ट 'काँ द तियारॉय' (१९८८) या चित्रपटात आहे. सेम्बेन यांनी तो तिएर्नो फाती सो यांच्यासह दिग्दर्शित केला. घटना इतिहासातली आहे. फ्रान्ससाठी लढलेले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत सापडलेले हजाराहून अधिक आफ्रिकी सैनिक नोव्हेंबर १९४४ मध्ये डाकारजवळच्या तियारॉय छावणीत आणले गेले. त्यांची मागणी थकलेल्या पगाराची आणि ठरलेल्या भत्त्यांची होती. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा पस्तीस मृतांचा सांगितला गेला. तो फार कमी असल्याचे इतिहासकार दीर्घकाळ म्हणत आले आहेत. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या घटनेला 'हत्याकांड' हा शब्द वापरला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

चित्रपट अडीच तासांचा आहे आणि त्यातला बराच वेळ जेवण, गणवेश आणि नोटा यांत जातो. युरोपातून आणलेल्या फ्रँकची बदली निम्म्या दराने होईल असे अधिकारी सांगतात. एक हजार द्या, पाचशे घ्या. सैनिक चिडतात ते या गणितावर. स्वातंत्र्य, समता असल्या शब्दांवर कुणी भाषण देत नाही. तेच रक्त, तोच खंदक, तोच शत्रू, मग फ्रँक निम्मा का? वसाहतवादाची व्याख्या इतक्या सोप्या भागाकारात मांडलेली मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही. जनरलला ओलीस धरल्यावर तो पूर्ण दराचे वचन देतो, सैनिक जल्लोष करतात आणि झोपी जातात. छावणीतला 'पेई' नावाचा सैनिक जर्मन छळछावणीत वाचा गमावून बसला आहे. रणगाडे येताना तोच पाहतो. तो हातवारे करून सांगतो, पण वेड्यावर कोण विश्वास ठेवणार? फ्रान्सची एक पैही नसलेला हा चित्रपट सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांनी मिळून उभा केला. व्हेनिसला त्याला पुरस्कार मिळाला, पण फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे पडद्यावर आला नाही.

या चित्रपटानंतर 'ला न्वार द...'मधले एक छोटे दृश्य मला वेगळ्याच अर्थाने आठवू लागले. फ्रान्सला जायला मिळणार या आनंदात दिउआना डाकारमधल्या युद्धस्मारकाच्या दगडावर अनवाणी बागडते आणि तिचा मित्र घाबरून तिला खाली उतरायला सांगतो. हे स्मारक फ्रान्ससाठी मेलेल्यांचे आहे. तिथे वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहिले जाते. पुष्पचक्र वाहणारे कोण आणि पगार बुडवणारे कोण, हा प्रश्न सेम्बेन यांनी तियारॉयवर चित्रपट करण्याच्या बावीस वर्षे आधीच त्या दगडावर ठेवून दिला होता.

४

आता माझ्या म्हणण्याला अडवणाऱ्या चित्रपटाकडे येतो. जिब्रिल दिऑप माम्बेती यांचा 'तुकी बुकी' (१९७३). वोलोफमध्ये या शब्दांचा अर्थ तरसाचा प्रवास. मोरी हा गुराखी मोटरसायकलला बैलाचे शिंगांसकट मुंडके बांधून डाकारभर फिरतो. अंता विद्यापीठात शिकते. दोघांना पॅरिसला जायचे आहे. का? त्यांचा पगार थकलेला नाही, घरात कुणी पैशांसाठी डोळे लावून बसलेले नाही. त्यांना पॅरिस हवे आहे, कारण जोसेफिन बेकरच्या गाण्यात ते शहर पुन्हा पुन्हा हाका मारते. हे गाणे ध्वनिपट्टीवर इतक्यांदा येते की आधी मोहक वाटते, मग चिडवू लागते, मग यंत्रासारखे वाजत राहते.

स्थलांतर म्हणजे फक्त हिशेब, असे म्हणणाऱ्याला 'तुकी बुकी' थांबवतो. माणूस पोटासाठी जातो तसा हौसेनेही जातो, कंटाळ्यानेही जातो, आणि आपण दुसरे कुणीतरी व्हावे म्हणूनही जातो. गरिबाला हौस नसते असे समजणे हाही वसाहतवादी नजरेचाच अवशेष आहे. माम्बेती यांनी मोरी आणि अंता यांना चोर, स्वप्नाळू, उद्धट होऊ दिले. त्यांना बळी ठरवायला ते तयार नाहीत.

तरीही पैसा इथेही हजर आहे, फक्त थट्टेच्या रूपात. कुस्तीच्या सामन्यात जनरल द गोल यांच्या स्मारकासाठी जमलेला गल्ला मोरी आणि अंता पळवतात. पेटी उघडतात तर आत कवटी. स्मारक, पैसा आणि मृत्यू हे सेम्बेन यांनी तळमळीने जोडलेले धागे माम्बेती एका विनोदात गुंडाळतात. शेवटी मोरी जहाजाच्या जिन्यावर पाय ठेवतो आणि थांबतो. जहाजाचा भोंगा आणि चित्रपटाच्या सुरुवातीला कत्तलखान्यात ऐकलेले गुरांचे हंबरणे एकमेकांत मिसळते. तो वळून पळत सुटतो. अंता जाते. डेकवर फ्रान्सला परतणारे गोरे लोक आफ्रिकेला काही येत नाही, तिच्याकडे काही नाही, अशा गप्पा मारत असतात. इतकी वर्षे तिथे नोकरी करून ते परत चालले आहेत. देणे कुणाचे कुणाकडे, याविषयी त्यांच्या मनात तरी काही शंका नाही.

याच दिग्दर्शकाने पुढे 'इएन' (१९९२) केला. गावातून हाकलून दिलेली लिंगेर रामातू म्हातारपणी जागतिक बँकेइतकी श्रीमंत होऊन परतते आणि आपल्याशी खोटे वागलेल्या माणसाचा जीव गावाकडून विकत मागते. स्विस नाटककार ड्युरेनमाट यांच्या नाटकावर तो आधारलेला आहे. म्हणजे माम्बेतीही शेवटी हिशेबापाशी आलेच. फक्त इथे हिशेब मागणारी व्यक्तीच भीतीदायक आहे आणि देणारे गाव लाचार. घेणे वसूल झाले की न्याय झाला, असे सोपे समीकरण ते मांडू देत नाहीत.

५

माती दिऑप या माम्बेती यांची पुतणी. जन्म पॅरिसचा. २०१३ मध्ये त्यांनी 'मिल सोलेय' केला. त्यात 'तुकी बुकी'मधला मोरी, म्हणजे मागाय नियांग, चाळीस वर्षांनी दिसतो. तो डाकारमध्येच राहिला आहे आणि गुरे हाकतो आहे. उघड्यावर 'तुकी बुकी'चा खेळ लागतो, तेव्हा पडद्यावरचा तो देखणा पोरगा आपणच, हे त्याने सांगूनही भोवतालच्या मुलांना पटत नाही. अंताचे काम केलेली अभिनेत्री मात्र खरोखरच देश सोडून गेली आणि अलास्कापर्यंत पोचली. चित्रपटाने ठरवलेले नशीब माणसांनी जगून दाखवले.

त्यांचा 'अटलांटिक' (२०१९) माझ्या लेखाच्या मध्यभागी आहे, कारण त्यात माझे म्हणणे जणू कथानकच होऊन आले आहे. डाकारच्या किनाऱ्यावर एक अवाढव्य मनोरा उभा राहतो आहे. बांधकामावरच्या पोरांना कित्येक महिने पगार नाही. पहिल्याच प्रसंगात ते कचेरीत जाऊन भांडतात आणि रिकाम्या हातांनी परततात. त्याच रात्री ते होडीने स्पेनच्या दिशेने निघून जातात. सुलेमान आपल्या प्रेयसीला, अदाला, सांगतही नाही. होडी बुडते. ती आपल्याला दिसत नाही. समुद्र दिसत राहतो, दिवसा, सांजेला, रात्री, पण त्यावर होडी नाही. कॅनरी बेटांकडे जाणाऱ्या या मार्गाने २००६ या एका वर्षात एकतीस हजारांहून अधिक माणसे पोचली आणि २०२४ मध्ये सेहेचाळीस हजारांहून अधिक. न पोचलेल्यांची मोजदाद कुणाकडेच नीट नाही. त्यांचे बुडणे न दाखवण्याचा निर्णय मला नैतिक वाटतो. मुसा तुरे यांनी 'ला पिरोग' (२०१२) मध्ये होडीच्या आतला प्रवास प्रामाणिकपणे दाखवला होता, पण तिथे आपली नजर कोण जगणार, कोण मरणार यात अडकते. 'अटलांटिक'मध्ये आपण मागे राहिलेल्या मुलींबरोबर किनाऱ्यावर बसतो.

आणि मग बुडालेली पोरे परततात. वस्तीतल्या मुलींच्या अंगात ती येतात. रात्री पांढऱ्या डोळ्यांनी, अनवाणी, या मुली कंत्राटदाराच्या बंगल्यावर जाऊन बसतात. त्यांची मागणी सूडाची नाही. केलेल्या कामाचे पैसे द्या, एवढीच आहे. अंगात येणे आपल्याला अनोळखी नाही. झाडाने धरलेल्या माणसाला आपल्याकडे आधी विचारतात, तुझे काय राहिले आहे, काय हवे? या चित्रपटात भुताचे राहिले आहे ते वेतन. पैसे मिळाल्यावर ती कंत्राटदाराला कबरी खणायला लावतात, कारण समुद्रात मेलेल्याला कबर नसते. पैसे आणि माती, एवढी दोनच देणी त्यांनी मोजली आहेत.

इथे एक शंका नोंदवली पाहिजे. कंत्राटदार घाबरतो आणि पैसे देतो. जिवंतपणी भांडून जे मिळाले नाही ते भुते होऊन मिळाले. हा प्रेक्षकाला दिलेला दिलासा तर नाही? दुसऱ्यांदा पाहताना मला तो थोडा खटकला. पण वसुली झाल्याने कुणी परत येत नाही, हेही चित्रपट झाकत नाही. आणि कंत्राटदार सेनेगाली आहे, ही गोष्ट 'मांदाबी'मधल्या सुटाबुटातल्या नातेवाइकाशी थेट जाऊन मिळते.

६

हिशेबाला कोर्टात उभे करण्याचे काम मॉरिटानियात जन्मलेल्या आणि मालीत वाढलेल्या अब्दररहमान सिसाको यांनी 'बामाको' (२००६) मध्ये केले. बामाकोमधल्या एका घराच्या अंगणात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यावर खटला चालतो. घर दिग्दर्शकाच्या वडिलांचे आणि वकील खरेखुरे. बाजूला बायका कापड रंगवत असतात, एक लग्नाची वरात जाते, कुणीतरी आजारी पडलेले असते. आफ्रिकेवर कर्ज आहे असे जग म्हणते. अंगण विचारते की कर्जदार नेमका कोण? साक्षीदारांत वाळवंटातून युरोपकडे निघालेला आणि वाटेत सोडून दिला गेलेला एक तरुण आहे. एक म्हातारा शेतकरी उठतो आणि आपली साक्ष गाऊन टाकतो. त्या गाण्याला उपशीर्षके नाहीत. चित्रपटात युक्तिवाद जड होतात, काही भाषणे लांबतात. पण या अनुवाद न केलेल्या साक्षीपाशी सगळी कायदेशीर भाषा गप्प होते. दिउआनाला उसन्या फ्रेंचमध्ये बोलावे लागले होते. या म्हाताऱ्याला कुणाच्याही भाषेची गरज पडत नाही.

माती दिऑप यांचा २०२४ चा 'दाओमे' या सगळ्याला वळसा घालून मला पुन्हा पहिल्या मुखवट्यापाशी आणतो. १८९० च्या दशकात फ्रेंच सैन्याने दाओमेच्या राजवाड्यातून लुटलेल्या सव्वीस वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयातून आजच्या बेनिनला परत आल्या. त्यांतला राजा गेझोचा पुतळा, क्रमांक सव्वीस, चित्रपटात फोन भाषेत बोलतो. त्याचे शब्द लिहिले आहेत हैतीचे लेखक माकेन्झी ऑर्सेल यांनी. दिउआनाला आवाज देणारी अभिनेत्रीही हैतीचीच होती. हा योगायोग असेल, पण अर्थहीन नाही. दाओमेच्या किनाऱ्यावरून जी माणसे गुलाम म्हणून नेली गेली त्यांचे वंशज हैतीत आहेत, आणि गेझोच्या दरबाराची श्रीमंती याच व्यापारावर पोसली होती. म्हणजे ज्याला राजाचा आवाज व्हायचे आहे, त्याचेही त्या राजाकडे काही घेणे निघते. चित्रपटात विद्यापीठातले विद्यार्थी तावातावाने वाद घालतात. हजारो वस्तू नेल्या आणि सव्वीस परत केल्या, हा सन्मान की अपमान? कुणाला आनंदाने रडू आलेले असते, कुणाला काहीच वाटलेले नसते. चित्रपट निकाल देत नाही.

वस्तूला परत येण्यासाठी विमान, लाकडी खोका, विमा आणि सरकारी स्वागत मिळते. माणसाला यांतले काहीच मिळत नाही. दिउआनाचा मुखवटा परत आला, दिउआना आली नाही. 'दाओमे'तल्या पुतळ्याचे स्वागत पाहताना हा विरोध मनातून जात नाही.

स्थलांतरावरच्या चित्रपटाची समीक्षा करताना 'हृदयस्पर्शी', 'मानवतावादी' असे शब्द मीही वापरले आहेत. ते खोटे नाहीत, पण त्यांत एक सोय आहे. करुणा देणारा नेहमी वर उभा असतो आणि ती कधी द्यायची, किती द्यायची, हे तोच ठरवतो. थकलेल्या पगाराबाबत अशी मुभा नसते, तो द्यावाच लागतो. या चित्रपटांनी स्थलांतरिताला याचकाच्या जागेवरून उठवून धनकोच्या जागी बसवले, आणि तसे करताना आपल्याच घरातल्या देणेकऱ्यांनाही सोडले नाही, हे त्यांचे मोठे काम आहे असे मला वाटते.

'ला न्वार द...' अलीकडे तिसऱ्यांदा पाहिला. शेवटी मुलगा मुखवटा खाली करतो आणि त्याचा चेहरा दिसतो. त्याआधी मालक घाईघाईने आपल्या गाडीपर्यंत पोचलेला असतो. या वेळी मी मुलाकडे न पाहता त्याच्याकडे पाहत होतो. आईने न घेतलेले पैसे त्याच्याचजवळ आहेत. ते घेऊन तो निघून जातो.